अर्धा काळा, अर्धा पांढरा: 'स्टार ट्रेक'चा सगळ्यात बटबटीत भाग नेमका कुठे चुकला?

एकाच्या चेहऱ्याची उजवी बाजू काळीकुट्ट आणि डावी पांढरीफटक. दुसऱ्याची बरोबर उलटी, म्हणजे उजवी पांढरी आणि डावी काळी. दोघं एकमेकांकडे खाऊ की गिळू अशा नजरेने बघतायत.

हा फोटो सोशल मीडियावर अधूनमधून दिसतो. बऱ्याचदा एखाद्या पेटलेल्या वादाच्या खाली कोणीतरी तो टाकतं. सांगायचं एवढंच असतं की, 'तुम्ही दोघंही सारखेच आहात, उगाच भांडताय.'

हा फोटो 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकेतला आहे. भागाचं नाव 'लेट दॅट बी युअर लास्ट बॅटलफिल्ड'. तो १० जानेवारी १९६९ रोजी एनबीसी वाहिनीवर पहिल्यांदा दाखवला गेला. विज्ञानकथा आणि उपदेश यांची चर्चा निघाली की बटबटीतपणाचा नमुना म्हणून याच भागाचं नाव घेतलं जातं. वंशद्वेष वाईट, हे सांगण्यासाठी माणसांना चक्क अर्धं काळं आणि अर्धं पांढरं रंगवायचं, यापेक्षा ढोबळ काय असणार?

पण हा भाग नीट बघितला तर वेगळंच लक्षात येतं. ज्या मेकअपची इतकी थट्टा होते, तो या भागातला सगळ्यात हुशार भाग आहे. खरी गडबड दुसरीकडेच झाली आहे, आणि ती आजच्या सोशल मीडियावरच्या वादांमध्येही रोज होते. कशी, ते समजून घेऊया.

गोष्ट काय आहे?

कॅप्टन कर्क यांचं 'एंटरप्राइझ' हे अंतराळयान अरियानस नावाच्या ग्रहाकडे निघालं आहे. तिथे जिवाणूंचा संसर्ग पसरलाय आणि तो ग्रह निर्जंतुक करायचा आहे. वाटेत त्यांना एक चोरलेलं छोटं यान सापडतं. आत असतो लोकाय, चेरॉन नावाच्या ग्रहावरचा माणूस.

थोड्याच वेळात त्याच्यामागे बील येतो. तोही चेरॉनचाच. बील सांगतो की तो सरकारी अधिकारी आहे, राजद्रोह्यांना पकडणं हे त्याचं काम आहे आणि लोकायला तो तब्बल ५०,००० वर्षं शोधतोय. लोकायला माझ्या ताब्यात द्या, एवढीच त्याची मागणी असते.

दोघं समोरासमोर येताच जुना हिशेब सुरू होतो. लोकाय म्हणतो, बीलच्या लोकांनी माझ्या लोकांना गुलाम केलं. बील म्हणतो, ते रानटी होते, आम्ही त्यांना घरात घेतलं, शिकवलं, पुढे स्वातंत्र्यही दिलं. लोकाय उसळून विचारतो की, कसलं स्वातंत्र्य? नवरा म्हणून, बाप म्हणून, माणूस म्हणून मानाने जगण्याची मुभा कुठे होती? आणि शिकवलंत ते मालकाची चाकरी करता येईल इतपतच.

कर्क लोकायला बीलच्या हवाली करायला नकार देतात. चेरॉनशी असा कोणताही करार नाही आणि कायद्याप्रमाणे सुनावणी झाल्याशिवाय कोणालाही कोणाच्या ताब्यात देता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. बील मग आपल्या मानसिक शक्तीने यानच ताब्यात घेतो आणि चेरॉनच्या दिशेने वळवतो.

इथे मालिकेतला एक गाजलेला प्रसंग येतो. कर्क, स्पॉक आणि मुख्य अभियंता स्कॉटी एकेक करून सांकेतिक आकडे उच्चारतात आणि यान उडवून देण्याची यंत्रणा सुरू करतात. उलटी मोजणी सुरू होते. अगदी शेवटच्या क्षणी बील माघार घेतो. (हेच सांकेतिक आकडे पुढे १९८४ साली आलेल्या तिसऱ्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात पुन्हा वापरले गेले आणि तिथे मात्र यान खरोखरच उडवलं गेलं.)

अरियानसचं काम उरकल्यावर बील पुन्हा डाव साधतो. या वेळी तो आधी ती स्फोटाची यंत्रणाच जाळून टाकतो. यान चेरॉनला पोहोचतं, तेव्हा कळतं की तिथे कोणीही जिवंत नाही. दोन्ही बाजूंच्या लोकांनी एकमेकांना संपवून टाकलंय. शहरांमध्ये प्रेतांचे ढीग पडलेत.

बील आणि लोकाय हे ऐकतात, आणि तरीही थांबत नाहीत. एकमेकांचा पाठलाग करत यानभर धावतात आणि शेवटी त्या मेलेल्या ग्रहावर उतरतात, तिथे उरलेलं भांडण पूर्ण करायला.

याला बटबटीत का म्हणतात?

कारणं बरीच आहेत आणि ती खोटी नाहीत.

पहिलं म्हणजे रूपक. रूपकात काहीतरी झाकलेलं असावं आणि ते बघणाऱ्याने उलगडावं, अशी अपेक्षा असते. इथे झाकलेलं काहीच नाही. अमेरिकेतला प्रश्न काळे आणि गोरे यांचा, तर पडद्यावरही रंग काळा आणि पांढराच.

दुसरं म्हणजे संवाद. पात्रं बोलत नाहीत, भाषणं करतात. मुद्दा कळला नसेल तर दुसरं पात्र तो पुन्हा समजावतं. एका प्रसंगात स्पॉक सांगतात की त्यांचा व्हल्कन ग्रहही एके काळी असाच भावनेच्या भरात नष्ट होणार होता, तर्काच्या शिस्तीने तो वाचला. बील हसून म्हणतो की काही ग्रहांवरचे लोक स्वतःला माकडांचे वंशज मानतात म्हणे. मग उत्क्रांतीवर छोटासा तास होतो.

तिसरं म्हणजे शेवटचा पाठलाग. दोघं एंटरप्राइझच्या रिकाम्या बोळांमधून धावत राहतात आणि त्यांच्यावर जळणाऱ्या शहरांची दृश्यं पसरवलेली दिसतात. ही दृश्यं दुसऱ्या महायुद्धातली आहेत. प्रेक्षकाला संदर्भ कळणार नाही अशी शंकासुद्धा राहू नये, याची पुरेपूर काळजी घेतलेली.

यामागे पैशाची अडचणही होती. 'स्टार ट्रेक' दुसऱ्या सीझननंतर बंद होण्याच्या बेतात होती. चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, म्हणून तिसरा सीझन मिळाला. पण बजेट कमी झालं आणि मालिकेला शुक्रवारी रात्री दहाची वेळ मिळाली. तरुण प्रेक्षक बाहेर असतात ती ही वेळ. मालिकेचे निर्माते जीन रॉडनबेरी यांनी रोजच्या कामातून अंग काढून घेतलं आणि सूत्रं फ्रेड फ्रायबर्गर यांच्याकडे गेली. या सीझनमधले बरेच भाग मोजक्या सेटवर आणि मोजक्या पात्रांवर उरकलेले दिसतात. या भागातही बीलचं यान अदृश्य आहे, म्हणजे ते दाखवण्याचा प्रश्नच नाही. आणि बोळ तर तयारच होते.

रूपकाचा आडोसा लागायचाच का?

आज प्रश्न पडेल की वंशभेदावर बोलायचं होतं तर सरळ का नाही बोलले? परग्रहावरची माणसं कशाला हवीत?

कारण त्या काळी अमेरिकन टीव्हीवर सरळ बोलणं अवघड होतं. १९५५ साली मिसिसिपीमध्ये एमेट टिल या १४ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली. आरोपी असलेले दोघे गोरे निर्दोष सुटले. लेखक रॉड सर्लिंग यांनी या घटनेवरून सुचलेलं एक टीव्ही नाटक लिहिलं. ते १९५६ साली दाखवलं गेलं, पण तोवर त्यातल्या अमेरिकेच्या दक्षिण भागाच्या सगळ्या खुणा पुसल्या गेल्या होत्या. घटना थेट न्यू इंग्लंडमध्ये हलवली होती. सर्लिंग यांनी १९५९ साली 'द ट्वायलाइट झोन' सुरू केली, त्यामागे हा अनुभव होता. जे माणसांच्या तोंडी घालता येत नाही, ते परग्रहवासीयांच्या तोंडी खपून जातं.

रॉडनबेरी यांनाही असाच फटका बसला होता. 'स्टार ट्रेक'च्या आधी ते 'द लेफ्टनंट' ही अमेरिकी मरीन सैनिकांवरची मालिका करत होते. तिच्या एका भागात एका गोऱ्या आणि एका कृष्णवर्णीय सैनिकामधला वंशद्वेष दाखवला होता. एनबीसीने तो भाग दाखवलाच नाही. त्यात काम करणाऱ्या अभिनेत्री निशेल निकोल्स पुढे 'स्टार ट्रेक'मध्ये लेफ्टनंट उहुरा झाल्या.

म्हणजे रूपक ही हौस नव्हती, वाहिनीच्या चाळणीतून मुद्दा पलीकडे नेण्याची ती युक्ती होती. युक्ती वापरताना हात किती जड ठेवायचा, हा पुढचा प्रश्न.

मेकअपची थट्टा का करू नये?

मूळ कल्पनेत बील आणि लोकाय असे दिसणार नव्हते. कथा जीन कून यांची होती (श्रेयनामावलीत त्यांचं टोपणनाव ली क्रोनिन असं दिसतं) आणि पटकथा ऑलिव्हर क्रॉफर्ड यांची. सुरुवातीच्या आराखड्यात शेपटीवाला सैतान एका देवदूताचा पाठलाग करतो, असं चित्र होतं. अर्धं काळं, अर्धं पांढरं ही कल्पना दिग्दर्शक जड टेलर यांची, आणि ती चित्रीकरणाच्या थोडंच आधी पुढे आली.

या बदलाने काय साधलं, ते एका प्रसंगात दिसतं.

भागाचा बराच वेळ उलटून गेलाय. कर्क आणि स्पॉक बीलला समजावतात की तू आणि लोकाय एकाच वंशाचे दिसता. बील चकित होतो. तुम्हाला दिसत नाही का, असं तो विचारतो. कर्क आणि स्पॉक गोंधळून एकमेकांकडे बघतात. मग बील, जणू लहान मुलाला सांगावं तसं सांगतो की माझी उजवी बाजू काळी आहे आणि लोकायची उजवी बाजू पांढरी. त्याचे सगळेच लोक उजवीकडून पांढरे असतात.

पहिल्यांदा बघणाऱ्या अनेकांच्या हे तोवर लक्षातच आलेलं नसतं. दोघांचे चेहरे इतका वेळ समोर होते, कॅमेरा जवळ जाऊन दाखवत होता, तरी डोळ्यांनी एवढंच टिपलं की दोघंही अर्धे काळे आणि अर्धे पांढरे. ज्या फरकापायी चेरॉनवर लोकांना गुलाम केलं गेलं, तो फरक प्रेक्षकाला दिसलाच नाही. कारण तो बघायला त्याला कोणी शिकवलेलंच नव्हतं.

वंशभेद डोळ्यांत जन्मतः नसतो, तो शिकवला जातो, हे भाषणात सांगता येतं. इथे ते प्रेक्षकाला स्वतःच्या नजरेतून कळतं. बील झालेले अभिनेते फ्रँक गॉर्शिन त्याआधी 'बॅटमॅन' मालिकेत रिडलर म्हणून गाजलेले होते, आरडाओरडा आणि विकट हास्य ही त्यांची ओळख. पण हे वाक्य ते अगदी साधेपणाने म्हणतात. बीलला त्यात समजावण्यासारखं काही वाटतच नाही, आणि अंगावर येतं ते हेच.

मग चूक कुठे झाली?

चूक समजायला १९६८ साल आठवावं लागतं, कारण हा भाग त्या वर्षाच्या सावलीत बनला.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. त्यानंतर वॉशिंग्टन, शिकागो, बाल्टिमोरसह १०० हून अधिक शहरांमध्ये दंगली पेटल्या. जूनमध्ये रॉबर्ट केनेडी यांचीही हत्या झाली. प्रेक्षकांनी जळणारी शहरं आपल्या टीव्हीवर बातम्यांमध्ये नुकतीच बघितली होती.

त्याच वर्षी फेब्रुवारीत आणखी एक गोष्ट घडली होती. आदल्या वर्षीच्या दंगलींची कारणं शोधायला राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी एक आयोग नेमला होता. केर्नर आयोग म्हणून तो ओळखला जातो. देश काळा आणि गोरा अशा दोन विषम समाजांमध्ये दुभंगतोय, असा इशारा आयोगाने दिला. कृष्णवर्णीयांच्या गलिच्छ वस्त्या गोऱ्या समाजाच्या संस्थांनी निर्माण केल्या आणि त्याच त्या टिकवून आहेत, असंही स्पष्ट म्हटलं.

म्हणजे एक सरकारी अहवाल जबाबदारी कोणाची हे सांगायला धजला होता. 'स्टार ट्रेक'च्या या भागाने मात्र ते टाळलं.

भागाच्या शेवटचा संवाद बघा. बील आणि लोकाय चेरॉनवर उतरल्यावर उहुरा म्हणतात की याला काही अर्थच नाही. स्पॉक म्हणतात, इतक्या टोकाच्या मतांच्या दोघांकडून अर्थाची अपेक्षा करणंच तर्काला धरून नाही. सुलू विचारतात की ग्रहच मेलाय, आता कोण बरोबर होतं याने काय फरक पडतो? त्यांच्याकडे पूर्वीपासून द्वेषच होता का, असं उहुरा विचारतात. कर्क उत्तर देतात की नाही, पण आता तेवढाच उरलाय.

शेवट प्रभावी आहे, यात शंका नाही. पण 'दोघंही टोकाचे' हे खरं आहे का? एकाच्या लोकांनी गुलाम ठेवले, दुसऱ्याचे लोक गुलाम होते. एकाकडे सत्ता, पोलीस आणि कायदा आहे, दुसरा पळून जीव वाचवतोय. भागाच्या पहिल्या अर्ध्यात हे सगळं लोकायच्या तोंडून आपण ऐकलेलं आहे. शेवटी मात्र पारडी समान करून टाकली जातात. गुलाम ठेवणारा आणि गुलामी नाकारणारा, दोघांवर एकच शिक्का बसतो. द्वेष करणारे.

लोकाय धुतल्या तांदळासारखा नाही, हे मान्य. तोही द्वेषाने पेटलेला आहे. पण त्याचा द्वेष कुठून आला हे भाग आपल्याला सांगतो आणि शेवटी ते कारणच बाजूला ठेवतो.

या भागाला बटबटीत म्हणणारे सहसा असं धरून चालतात की तो फार स्पष्ट बोलतो. प्रत्यक्षात तो सोप्या गोष्टीवर फार स्पष्ट बोलतो आणि अवघड गोष्टीवर गप्प बसतो. द्वेष वाईट, याला कोणाचाच विरोध नव्हता. अन्याय कोणी केला, तो कोणी थांबवायचा, यावर मात्र देश भांडत होता, आणि तिथे आवाज खाली आला.

सुलूच्या तोंडचं एक वाक्य

या भागात एक प्रसंग असा आहे, ज्यात आवाज खाली आलेला नाही. त्याची चर्चा मात्र फार कमी होते.

लोकाय यानावरच्या काही तरुण कर्मचाऱ्यांशी बोलत बसलाय. चेकॉव्ह सांगतात की पृथ्वीवरही पूर्वी छळ होत असे, शाळेत इतिहासात वाचलंय. सुलू म्हणतात की हो, पण ते फार जुनं, विसाव्या शतकातलं. आता तसा मागासलेला विचार कोणी करत नाही.

सुलूची भूमिका करणारे जॉर्ज ताकेई जपानी वंशाचे अमेरिकन आहेत. जन्म लॉस एंजेलिसचा, १९३७ सालचा. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सरकारने सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरातून उचलून काटेरी तारांच्या छावण्यांमध्ये डांबलं. त्यातले बहुतेक जण अमेरिकेचेच नागरिक होते. लहानग्या जॉर्जचं कुटुंब आधी घोड्यांच्या तबेल्यात ठेवलं गेलं, मग आर्कान्सामधल्या रोवर छावणीत आणि नंतर कॅलिफोर्नियातल्या टुली लेक छावणीत. अमेरिकेने या प्रकाराची अधिकृत माफी मागितली ती १९८८ साली, म्हणजे हा भाग प्रसारित होऊन १९ वर्षं झाल्यावर.

छळ ही जुन्या काळातली गोष्ट आहे, असं निवांतपणे सांगणाऱ्या पात्राच्या जागी हा माणूस उभा होता.

लोकायचं उत्तरही साधं नाही. केवळ आपल्यासारखे आहेत म्हणून आपल्या माणसांना तुच्छ लेखलं जाणं, मारलं जाणं कसं असतं हे तुमच्या हाडामांसाला मी कसं कळवू, असं तो विचारतो. आणि मग पुढचा प्रश्न. आपल्या झोपडीतून ओढून काढून दुसऱ्याच ग्रहावरच्या युद्धात ढकललं जाणं काय असतं, ठाऊक आहे? ज्या लढाईचा फायदा तुमच्यावर जुलूम करणाऱ्याला होणार आणि मरणार मात्र तुमचे भाऊ?

१९६९ च्या प्रेक्षकाला हे दुसरं कुठलं युद्ध, हे सांगायची गरज नव्हती. व्हिएतनाम युद्ध ऐन भरात होतं. एप्रिल १९६७ मध्ये मुहम्मद अली यांनी सैन्यात भरती व्हायला नकार दिला होता आणि त्यापायी त्यांचं हेवीवेट विजेतेपद काढून घेतलं गेलं होतं. त्यांचा युक्तिवादही लोकायच्या प्रश्नाच्या जवळचाच होता.

हा प्रसंग काही क्षणांचा आहे. त्यात बाजू समान करण्याची धडपड नाही. ज्यांच्यासमोर लोकाय बोलतोय ते चांगले, सुशिक्षित, सहानुभूती असलेले लोक आहेत, पण त्यांनी छळ फक्त पुस्तकात वाचलाय. त्यामुळे त्यांना तो कळत नाही. भाग या धाग्याला धरून पुढे गेला असता, तर कदाचित त्याची आठवण वेगळ्या कारणासाठी राहिली असती.

बटबटीतपणा नेहमीच वाईट असतो का?

नाही. 'द ट्वायलाइट झोन'चा मार्च १९६० मधला 'द मॉन्स्टर्स आर ड्यू ऑन मेपल स्ट्रीट' हा भागही अजिबात नाजूक नाही. एका गल्लीत वीज जाते, परग्रहवासी आपल्यातच लपलेत अशी अफवा पसरते आणि शेजारी एकमेकांच्या जिवावर उठतात. शेवटी सर्लिंग स्वतः निवेदनातून तात्पर्य सांगतात. तरी तो भाग टिकला, कारण प्रत्येक संशय प्रेक्षकाच्याही मनात क्षणभर येऊन जातो. ज्याच्यावर बोट ठेवलं जातं, त्याच्याबद्दल आपणही विचार करायला लागतो.

'स्टार ट्रेक'नेही पुढे वंशभेदावर याहून थेट भाग केला. 'डीप स्पेस नाइन' या नंतरच्या मालिकेतला 'फार बियाँड द स्टार्स' हा भाग फेब्रुवारी १९९८ मध्ये आला. दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका एव्हरी ब्रूक्स यांची. त्यात बेनी रसेल नावाचा कृष्णवर्णीय लेखक १९५० च्या दशकातल्या न्यूयॉर्कमध्ये एका विज्ञानकथा मासिकासाठी लिहितो. त्याच्या कथेचा नायक एका अंतराळ स्थानकाचा कृष्णवर्णीय कॅप्टन आहे. असा नायक वाचकांना पटणार नाही म्हणून संपादक कथा नाकारतात. पुढे ती छापण्याची वेळ येते, तेव्हा मालक अख्खा अंकच रद्द करतो.

इथे परग्रह नाही, रंगवलेले चेहरे नाहीत. काळा आणि गोरा हे शब्द सरळ आहेत, मारणारे पोलीस सरळ दिसतात. तीव्रतेत तो १९६९ च्या भागापेक्षा कमी नाही, उलट जास्तच आहे. ब्रूक्स यांचा शेवटचा आक्रोश तर कानठळ्या बसवणारा आहे. तरी त्याला बटबटीत म्हणणारे कमी सापडतात. कारण दरवाजा कोणी बंद केला हे तो भाग लपवत नाही.

म्हणजे प्रश्न आवाज किती मोठा आहे, हा नाही. तो आवाज कोणत्या गोष्टीसाठी वापरलाय, हा आहे.

तो फोटो पुन्हा दिसला तर?

बील आणि लोकाय यांचा फोटो वादात टाकणं सोपं असतं. टाकणारा दोघांच्याही वर जाऊन बसतो, शहाणा ठरतो, आणि त्याला कोणाचीच बाजू ऐकून घ्यावी लागत नाही. यानाच्या नियंत्रण कक्षात बसलेल्या एंटरप्राइझच्या मंडळींसारखंच.

काही वेळा तो फोटो अगदी योग्यही असतो. दोन फॅन क्लब, दोन मोबाइल कंपन्यांचे चाहते किंवा दोन शाळांचे माजी विद्यार्थी एकमेकांचे वाभाडे काढत असतील, तर उजवीकडून काळा की डावीकडून काळा यापलीकडे त्या भांडणात खरंच काही नसतं.

पण फोटो टाकण्याआधी दोन प्रश्न विचारून बघता येतात. हे दोघं एकच गोष्ट मागतायत का? आणि भांडण आज थांबलं, तर दोघांना सारखंच सोडावं लागणार आहे का? चेरॉनवर भांडण थांबलं असतं, तर बीलच्या हातून सत्ता गेली असती आणि लोकायच्या हातून बेडी. हे दोन तोटे एका मापाचे नाहीत.